किती रॉड जाळले?

३.१५ मिलिमीटर जाडीचा, ४५० मिलिमीटर लांबीचा वेल्डिंगचा रॉड साधारण दीड मिनिटात जळून संपतो. होल्डरमध्ये दोन बोटं टोक उरतं, प्लेटवर वीतभर शिवण राहते आणि तिच्यावर स्लॅगची, म्हणजे रॉडच्या लेपाच्या मळीची, काळी खपली. चिपिंग हॅमरने खपली उडवली की खाली त्या दीड मिनिटाचं प्रगतिपुस्तक उघडं पडतं.

कौशल्य प्रशिक्षणाच्या कुठल्याही योजनेच्या कागदावर तास लिहिलेले असतात. १५० तास, ३०० तास, १,२०० तास. किती रॉड, किती पट्टी, किती ब्लेड हे सहसा लिहिलेलं नसतं. शिकून बाहेर पडलेला पोरगा वर्षभराने कामाला लागलेला असेल की नाही, याचा अंदाज बांधायचा तर मला तासांपेक्षा रॉडांचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो.

त्या दीड मिनिटात हाताला काय काय करावं लागतं ते बघा. आर्कची, म्हणजे रॉडचं टोक आणि प्लेट यांच्यामधल्या ठिणगीची, लांबी रॉडच्या जाडीएवढी, म्हणजे तीनेक मिलिमीटर राहायला हवी. रॉड जळून आखूड होत असतो, म्हणून हात सतत खाली उतरवायचा. त्याच वेळी तो शिवणीच्या दिशेने एकसारख्या वेगाने ओढायचा. दोन हालचाली एकदम, काळ्या काचेआडून, हातात चामड्याचे मोजे. आर्क लांबला की आवाज पोकळ होतो आणि छर्रे उडायला लागतात. करंट ९० ते १३० अँपिअरच्या दरम्यान कुठेतरी बसवायचा. जास्त झाला तर शिवणीच्या कडेने चर पडते, तो अंडरकट. कमी झाला तर रॉड चिकटतो, लोखंड नीट वितळत नाही आणि स्लॅग आतच अडकतो. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड ओल धरतात, मग शिवणीत बारीक भोकं येतात आणि मुलगा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. हे सगळं फळ्यावर अर्ध्या तासात सांगून होतं. हाताला कळायला, सपाट प्लेटवर शिवण एकसारखी यायलाच, शंभरेक रॉड जातात. उभी शिवण खालून वर न्यायची म्हटली की वितळलेलं लोखंड ओघळायला लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डोक्यावरची शिवण त्याच्याही पुढची.

आता हिशेब करू. ३०० तासांचा कोर्स, रोज पाच तास, म्हणजे ६० दिवस. त्यातून सुरक्षेचे तास, संगणक, संभाषणकौशल्य, उद्घाटनं आणि मूल्यमापन वजा केलं की शॉपमधले, म्हणजे कार्यशाळेतले, ४० दिवस उरतात. मुलं २०, मशीन ४. दिवसाचे चार तास प्रत्यक्ष कामाचे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला मशीनची ४८ मिनिटं येतात. त्यातच प्लेट घासणं, टॅक (तात्पुरते टाके) मारणं, स्लॅग उडवणं, ब्रश मारणं. दहा रॉड जाळून झाले तर फार झालं. ४० दिवसांचे ४०० रॉड, ६०० मिनिटं आर्क. दहा तास! आणि हा चांगल्या केंद्राचा हिशेब झाला. जिथे दिवसाला तीनच रॉड हातात पडतात तिथे आर्कचे तास भरतात तीन. प्रमाणपत्रावर मात्र दोघांच्याही ३०० तासच.

रॉड कमी का मिळतात, याला फार मोठं रहस्य नाही. २० मुलांना रोज १० रॉड म्हणजे २०० रॉड, वजनाने सात-आठ किलो, रोज. शिवाय प्लेट. तिथे तर बचतीची खरी कला दिसते. एकाच पट्टीवर आडव्या-उभ्या शिवणी मारत, मग पालथी करून पुन्हा मारत, शेवटी तिचा ओबडधोबड ठोकळा होईपर्यंत ती चालवतात. याला पॅडिंग म्हणतात. सुरुवातीचे काही दिवस ते योग्यच आहे. पण जोड मारायला दोन पट्ट्या लागतात, त्यांच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात, मध्ये अडीच-तीन मिलिमीटरची फट धरावी लागते. तळातली पहिली शिवण, रूट, हीच खरी परीक्षा. पुढे कारखान्यात जोड कापून, वाकवून तपासतात तेव्हा तडा जातो तो बहुतेक याच रूटमध्ये. पॅडिंगवर वाढलेल्या मुलाने रूट मारलेलीच नसते. त्याची शिवण वरून देखणी दिसते आणि बेंड टेस्टला उघडते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत रॉड वापरतो कोण? तिथे सीओटू, म्हणजे वायूच्या आवरणातलं वेल्डिंग. खरं आहे. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या शॉपमध्ये गनमधून येणारी तार असते, मिनिटाला १०-१५ लिटर वायू सोडलेला असतो, आणि पुढच्या लायनीत रोबो. पण वितळलेल्या लोखंडाचा थेंब वाचण्याची नजर रॉडवरच बसते, ती गनला सहज लागू पडते. उलट गनवर सुरुवात केलेला मुलगा रॉडवर आला की अडखळतो. अर्थात गन दाखवलीच नाही तर तेही चुकीचंच. सीओटूचे स्वतःचे घोटाळे आहेत. एप्रिलच्या उकाड्यात कोणीतरी पंखा वळवून घेतो, वायूचं आवरण उडून जातं, आणि दुपारच्या शिफ्टची शिवण भोकांनी भरते. तपासनीस तार बदलतो, सिलिंडर बदलतो. पंख्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

वेल्डरचं उदाहरण सोयीचं, कारण रॉड मोजता येतो. फिटरचं जास्त बोलकं.

आपल्याकडे १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आणि आयटीआय ज्या चौकटीत चालते ती चौकट तीच. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. फिटरचा व्यवसाय दोन वर्षांचा, एका तुकडीत २० मुलं. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, आणि त्याखेरीज १५० तास प्रत्यक्ष कारखान्यात. तीनशे तासांच्या पुढे ही मोठी चैन आहे. तरीही पालक पहिल्या दोन महिन्यांतच कुरकुरायला लागतात: पोराला सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, जमान्यात कानस घासायला लावलीय.

कानशीची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, ती मी घेतो. शेगड्याची, म्हणजे तुकडा आवळून धरणाऱ्या व्हाइसची, उंची कोपराएवढी. पाय ठरलेल्या जागी. बारा इंची बास्टर्ड (भरड दातांची) कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती सरकवायची. घाव सुरू होताना पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटाला मागच्या हाताचा. हे बदलत जाणारं वजन जमलं नाही की कानस डुलते, जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, मध्य फुगतो आणि कडा उतरतात. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून उजेडाकडे धरला की कडेच्या फटीतून उजेड दिसतो. कानशीच्या दातांत चुरा अडकला तर पृष्ठभागावर खोल ओरखडे येतात. त्यावर उपाय खडूचा: आधी खडू घासून घ्यायचा, तारेच्या ब्रशने अधूनमधून दात साफ करायचे. पहिल्या जॉबला अर्ध्या मिलिमीटरची सूट असते. मग ती आवळत आवळत दुसऱ्या वर्षी एकमेकांत सरकणाऱ्या जोडाला ०.०४ मिलिमीटरवर येते. व्हर्नियरवर हे जेमतेम दोन भाग.

याचा सीएनसीशी संबंध आहे, आणि तो थेट आहे. फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या साच्यात, तो बसवताना खाली लोखंडाची एक बारीक चिप राहिली की जॉब एका अंगाला दशांशभर मिलिमीटर उचलला जातो. मशीन आपलं काम अचूकच करतं, फक्त तिरक्या बसलेल्या जॉबवर. शंभर नग गेल्यावर क्वालिटीवाला येतो. ज्याने दोन वर्षं बोटाने बर (कापल्यावर कडेला उरलेली धार) चाचपली आहे, कडेवर नख फिरवलं आहे, तो मुलगा जॉब बसवण्याआधी बैठक पुसतो. ही सवय प्रोग्रामिंग शिकून येत नाही, आणि ऑपरेटर म्हणून नेमलेल्या मुलाच्या कामाचा मोठा हिस्सा जॉब लावणं, काढणं, मोजणं हाच असतो.

आणि मग टॅप, भोकात आटे पाडायचं हत्यार. एम-१० चा, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाचा, आटा पाडायचा तर आधी साडेआठ मिलिमीटरचं भोक: दहातून दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा. मुलं आठचं ड्रिल उचलतात, कारण ते समोर असतं. भोक लहान, टॅपला कापायचं लोखंड जास्त, पिळा मारला की टॅप आतच तुटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चिप तोडायची, तेल घालायचं, टॅप काटकोनात आहे का हे दोन बाजूंनी गुण्याने पाहायचं. टॅप तुटल्यावर हे सगळं जन्मभर लक्षात राहतं. अडचण अशी, की तो तुटूच दिला जात नाही.

शासकीय शॉपमधलं कुलूपबंद कपाट ज्याने पाहिलंय त्याला याचं कारण सांगायला नको. हत्यारं निदेशकाच्या, म्हणजे शॉपमध्ये शिकवणाऱ्याच्या, नावावर असतात. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, तुटलं तर खुलासा, मग निर्लेखनाचा प्रस्ताव, मग समिती, मग पुढच्या वर्षीच्या खरेदीत मागणी. एका टॅपसाठी एवढी लिखापढी करण्यापेक्षा निदेशक स्वतः एक आटा पाडून दाखवतो आणि वीस मुलं गोल करून बघतात. प्रात्यक्षिक झालं! त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. पण पद्धत अशी बांधली आहे, की मोडतोड झाली तर प्रश्न विचारले जातात आणि मुलं न शिकता गेली तर कोणी विचारत नाही. अनेक ठिकाणी तर निदेशक कायमस्वरूपीही नसतो, तासिका तत्त्वावर असतो. तुटलेल्या टॅपची जोखीम त्याने का घ्यावी?

शिकणं म्हणजे लोखंड बिघडवणं, आणि आपली हिशेबपद्धत बिघडवण्याला नुकसान म्हणते. प्रशिक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बरंचसं एवढंच आहे. यावर करता येण्यासारखं थोडंफार आहेही. खर्ची पडणारं साहित्य यंत्रसामग्रीच्या खरेदीपासून पूर्ण वेगळं काढून, दर मुलामागे दर आठवड्याला किती रॉड, किती पट्टी, किती हॅकसॉ ब्लेड हे आधीच ठरवता येतं. टॅप, ड्रिल, ब्लेड यांना रजिस्टरमधल्या टिकाऊ वस्तूंतून काढून खडू-तेलाच्या रांगेत बसवता येतं. जवळच्या एमआयडीसीतले पट्ट्यांचे तुकडे, कापून उरलेल्या कडा भंगाराच्या भावाने मिळतात, सरावाला त्या उत्तम. हे सगळं नियमात बसतं का, हा प्रश्न लेखा विभागाचा. पण चांगल्या शॉपमध्ये डोकावलं तर कोणीतरी यातलं काहीतरी, गाजावाजा न करता, करत असतंच.

परीक्षेनेही थोडी दिशा चुकवली. थिअरीचा पेपर आता संगणकावर, चार पर्यायांचा. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात आणि थिअरीत ३३, म्हणजे कागदावर तरी हाताला मान आहे. पण प्रात्यक्षिकाचे मार्क स्थानिक, आणि तिथे कोणी कोणाला नापास करत नाही. म्हणून सगळा जोर प्रश्नसंचावर. परीक्षेच्या महिन्यात शेगडे रिकामे आणि संगणक कक्षाबाहेर रांग.

अल्पमुदतीच्या कोर्सेसचं अर्थकारण आणखी निराळं. १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्या २०१६ ते २०२० च्या टप्प्यात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळत: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के मुलं प्रमाणित झाल्यावर, २० टक्के नोकरी लागल्यावर. संस्थेच्या हिशेबनिसाच्या खुर्चीत बसून बघा. मुलगा पास होईपर्यंत ८० टक्के हातात आलेले. उरलेल्या वीसासाठी कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे, मुलं टिकतात का बघायचं, कागद गोळा करायचे. तेवढ्या वेळात पुढची बॅच भरता येते. मग बॅचच भरली जाते. यात बेइमानी असायलाच हवी असं नाही. पैसा ज्या दाराने आत येतो त्या दाराशी माणसं उभी राहतात.

जगभरचा अनुभवही फार वेगळा नाही. विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांच्या काटेकोर तपासण्या एकत्र करून जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो थंडगार पाण्यासारखा अंगावर येतो: व्यवसाय प्रशिक्षण देऊ केलेल्या दर १०० जणांमागे, एरवी मिळाली नसती अशी नोकरी लागते ती तिघांपेक्षाही कमी जणांना. बाकीच्यांना एकतर नोकरी तशीही लागली असती, किंवा प्रशिक्षणानंतरही लागली नाही.

ही सरासरी. सरासरीच्या वर कोण गेलं ते जास्त शिकवणारं आहे. कोलंबियात २००० नंतरच्या दशकात शहरांतल्या गरीब तरुणांसाठी एक कार्यक्रम चालला. तीन महिने वर्ग, लगेच तीन महिने कंपनीत प्रत्यक्ष काम, आणि ती कंपनी शोधून आणायची जबाबदारी प्रशिक्षण संस्थेवर. ज्यांना चिठ्ठीने प्रवेश मिळाला आणि ज्यांना नाही, त्यांची तुलना केली तेव्हा प्रवेश मिळालेल्या मुलींची कमाई जवळपास २० टक्क्यांनी जास्त निघाली. युगांडात वेल्डिंग, प्लंबिंग, शिवणकाम, मोटार दुरुस्ती अशा कामांत दोन वाटा एकमेकींशेजारी तपासल्या गेल्या. काही तरुणांना सहा महिने संस्थेत शिकवलं, काहींना थेट छोट्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लावलं आणि मालकाला पगारात मदत दिली. कारखान्यात लागलेले आधी कमवायला लागले. पण पुढच्या काही वर्षांत संस्थेतून शिकलेले त्यांच्या पुढे गेले. एका मालकाकडे शिकलेल्याला त्या मालकाची पद्धत येत होती. संस्थेतून आलेल्याजवळ दुसऱ्या दारात दाखवता येईल असं प्रमाणपत्र आणि जरा रुंद हात होता, त्यामुळे नोकरी गेली तरी तो दुसरी पकडू शकत होता.

आपल्या मुलांचं ओझं नेमकं इथे आहे. पहिली नोकरी मिळणं अवघड आहेच, पण दुसरी मिळणं जास्त महत्त्वाचं. कंत्राटदाराच्या हजेरीवर लागलेल्या मुलाची पहिली नोकरी काही महिन्यांची असते. तेवढ्यात तो एकच स्टेशन शिकतो: चार बोल्ट, एक गन, एक टॉर्क. तिथून बाहेर पडल्यावर त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय उरतं?

यावरचं आपल्याकडचं जुनं उत्तर म्हणजे अप्रेंटिसशिप. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला किमान विद्यावेतन महिना ८,०५० रुपये ठरवलं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. आठ हजारांत चाकणला चौघांत खोली, महिन्याची मेस, बसभाडं, घरी धाडायला काही नाही, अशी ओढाताण असते. बऱ्याच कंपन्या किमानापेक्षा जास्त देतात, कारण न दिल्यास मुलं दिवाळीला गावी गेली की परत येत नाहीत.

पैशापेक्षा जास्त बघायला हवं ते कामाकडे. करारावर फिटर लिहिलेलं असतं आणि मुलगा वर्षभर पॅकिंगला उभा असतो. कायद्याच्या भाषेत शिकाऊ उमेदवार कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. म्हणूनच काही ठिकाणी तो स्वस्तात पडणारा कामगार होतो. वर्ष संपल्यावर त्याला नोकरीवर घेण्याचं सरसकट बंधन मालकावर नाही; २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ एवढंच सांगतं, की भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवावं. नवी तुकडी आत, जुनी बाहेर, लायन चालूच. ओव्हरटाइमही एरवी लावता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ते काम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं आहे अशी त्याची खात्री पटावी लागते. तरी ओव्हरटाइम किती ठिकाणी लावला जातो, हे चाकणच्या संध्याकाळच्या बसथांब्यावर उभं राहिलं की समजतं.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घेण्यात लाज नाही. करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदला गेला आहे का आणि त्यावरचा व्यवसाय कोणता. वर्षभराचं फिरतं वेळापत्रक आहे का: असेंब्ली, मेंटेनन्स, क्वालिटी, टूलरूम, प्रत्येकी किती आठवडे. विद्यावेतन बँकेत जमा होतं की कंत्राटदाराच्या हातून येतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षेला बसवतात का. ते प्रमाणपत्र सरकारी उपक्रमांच्या भरतीत लागतं, आणि परीक्षेचा अर्ज भरायचाच राहून गेल्यामुळे वर्ष वाया घालवलेली मुलं कमी नाहीत. मेंटेनन्समध्ये तीन महिने मिळत असतील तर हजार रुपये कमी असले तरी ती कंपनी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद पडलेलं मशीन जितकं शिकवतं तितकं चालू मशीन शिकवत नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. आधी सहा महिने, नंतर अकरा. खूपसे प्रशिक्षणार्थी शासकीय कार्यालयांत गेले आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनाला बसले. त्यांची मागणी समजते. पण वायरमन झालेल्या मुलाने अकरा महिने टेबलावर नोंदी केल्या तर त्याच्या हाताचं काय होतं, हा प्रश्न कोणत्याच बाजूने फारसा विचारला गेला नाही.

अभ्यासक्रमात रोजगारक्षमता कौशल्यं नावाचा विषय आहे, पहिल्या वर्षी १२० तासांचा. त्यात मुलाखतीला कसं बसावं वगैरे येतं. शॉपवर जे खरोखर नडतं ते वेगळंच असतं. ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू कुठे मांडायच्या याच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात. अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. कोपऱ्यातलं इवलंसं चिन्ह न बघता काम सुरू केलं की भोक आरशातल्यासारखं उलट्या बाजूला पडतं. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात माप मिलिमीटरमध्ये नसतं, सुतात असतं: आठ सूत म्हणजे इंच. मोठ्या कंपनीची तयारी करून आलेला मुलगा तिथे पहिल्या दिवशी गोंधळतो, आणि काम तर जास्त करून तिथेच मिळतं. तिसरी गोष्ट म्हणजे न समजलेलं विचारणं. बिघडलेला नग लपवणारा नवखा मुलगा बिघडवणाऱ्यापेक्षा महाग पडतो, आणि लपवायची सवय कुलूपबंद कपाटाच्या शॉपमध्येच लागलेली असते.

मुलींबद्दल एवढंच, की त्यांना फिटर-वेल्डरच्या शॉपपासून दूर ठेवणारी गोष्ट ताकद नाही. बारा इंची कानस कोणालाही उचलता येते. शॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता, आणि दुसरी शिफ्ट सुटल्यावर घरापर्यंत गाडी मिळते का, यावर घरचे ठरवतात. मग मुलगी शिवणकाम किंवा संगणकाचा कोर्स घेते आणि आकडेवारीत ती तिची आवड म्हणून नोंदली जाते.

बिघडवायला परवानगी आणि मालाचा खर्च ही दोन्ही कोडी एकत्र सोडवण्याचा एक प्रयत्न शिरूर तालुक्यातल्या पाबळला चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अन्नशास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. तिथला वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम शाळेत न रमलेल्या मुलांनाही घेतो. फॅब्रिकेशन, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया, सगळ्याला थोडं थोडं तोंड. शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा वेगळा कार्यक्रम आहे: आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात आणि गावात खरी सेवा देतात. गेट हवं असणारा गावकरी लोखंडाचे पैसे देतो, मुलं गेट करतात. पट्टीचा ठोकळा करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण गेट बिजागरीवर फिरलं नाही तर गिऱ्हाईक लगेच सांगतं.

या पद्धतीलाही आपली दुखणी आहेत. गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते. मुलाची शिवण तिसऱ्यांदा बिघडली की शिकवणाऱ्याचा हात शिवशिवतो आणि तो होल्डर स्वतःच्या हातात घेतो. गेट वेळेवर जातं, मुलगा तिथेच राहतो. म्हणून अशा ठिकाणी गिऱ्हाइकाच्या कामाआधी त्याच मापाचा एक तुकडा भंगारावर करून बघायचा, तो पास झाला तरच खऱ्या कामाला हात लावायचा, हा नियम कडक हवा. दुसरं, प्रत्येक गोष्ट थोडी थोडी शिकलेल्याला गावात स्वतःचं दुकान टाकायला सोयीचं जातं, पण कारखान्याच्या गेटवर एकाच व्यवसायाचं प्रमाणपत्र मागतात. कोणाला कुठे जायचंय ते आधी ठरवावं लागतं, आणि सोळाव्या वर्षी ते सहसा ठरलेलं नसतं.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयची प्रवेशप्रक्रिया सुरू होते आणि ऑगस्टच्या सुमारास सत्र. पालक संस्थेची इमारत बघतात, प्लेसमेंटचा फलक बघतात, फी विचारतात. त्याऐवजी सरळ शॉपमध्ये जावं. निदेशक सहसा अडवत नाहीत, उलट कोणी विचारलं तर खूश होतात. शेगडे किती आणि त्यातले किती फिरतात ते पाहावं. जबड्यांचे दात झिजलेले असतील तर चांगलं लक्षण. वेल्डिंग बूथच्या जमिनीवर रॉडची टोकं पडलेली दिसायला हवीत. कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीत हात घालून दोन-चार तुकडे उचलून बघावेत: त्यावर मुलांचे हजेरी क्रमांक पंच केलेले असतात, एकाच क्रमांकाचे पाच-सहा फसलेले जॉब सापडले तर त्या मुलाला पुन्हा करायला मिळालं होतं हे कळतं. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारावं की स्वतःच्या हाताने किती आटे पाडलेस. आणि जमलं तर निदेशकालाच विचारावं की गेल्या वर्षी टॅप किती तुटले. उत्तर शून्य आलं तर शेजारच्या तालुक्यातली आयटीआय बघावी. प्रवेशाच्या फेऱ्या एकापेक्षा जास्त असतात आणि पुढच्या फेरीला पसंतीक्रम बदलून भरता येतो.